ट्रॅक्टरचा टेंपरेचरचा काटा : खोटा कधी, खरा कधी



सोयाबीनची मळणी तोंडावर आलीय, म्हणून हे आत्ताच लिहून टाकतो. खरं तर मागच्या वर्षीच लिहायला पाहिजे होतं, पण तेव्हा हात धजावला नाही.

आमचा ट्रॅक्टर १९९८ चा. ३५ एचपी, तीन सिलेंडर. अण्णांनी बँकेचं कर्ज काढून घेतला होता, हप्ते फेडता फेडता दोन बैलजोड्या विकल्या. आता हुड फिकट झालंय, सीट दोनदा शिवलीय, पण इंजिन अजून इमानदार आहे. होतं, असं म्हणायची वेळ मागच्या ऑक्टोबरमध्ये आली होती.

दोन वर्षांपासून त्याच्या टेंपरेचर मीटरचा काटा येडा झालेला. चावी फिरवली की इंजिन चालू व्हायच्या आधीच काटा सटकन लालवर. कधी खड्ड्यातून गेलं की खाली यायचा, परत वर. मिस्त्रीला दाखवलं तर तो म्हणला, "इंजिन थंडगार हाय, काटा खोटा हाय. लक्ष देऊ नका." त्याचं म्हणणं त्या दिवशी खरंच होतं. मी ते वाक्य घरी आणलं आणि दोन वर्षं सगळ्यांना तेच सांगत राहिलो. काट्याकडं बघू नको, तो तसाच आहे.

मागच्या ऑक्टोबरमध्ये चुलत्याच्या रानात मळणी चालू होती. मळणीयंत्र मागं जोडलेलं, ट्रॅक्टरवर पुतण्या. एकोणीस वर्षांचा पोरगा, पण हात चांगला बसलेला. मी खालच्या रानात हरभऱ्यासाठी पाळी घालणाऱ्या माणसाजवळ होतो. अकराच्या सुमारास पुतण्याचा फोन आला.

"काका, काटा लालवर गेलाय."

"तो तसाच जातो रे. माहीत नाही का तुला?"

"नाही काका, आज हळूहळू चढलाय."

"राहू दे. गंज संपवून टाक, आभाळ आलंय."

पंधरा-वीस मिनिटांनी परत फोन. या वेळेस त्याचा आवाज हलका झालेला. "काका, काटा आपोआप खाली आला."

मी म्हणालो, "बघ, सांगितलं नव्हतं?"

त्यानंतर दहा मिनिटांत इंजिन दबलं, खडखडलं आणि बंद पडलं. पोरगा खाली उतरला. त्यानं पाणी बघायला म्हणून रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकलं आणि झाकण फिरवलं. आत पाणी नावालाच उरलं होतं, पण वाफ भरपूर होती. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. तोंड मागं होतं म्हणून डोळे वाचले.

मळणीवरच्या एका बाईनं शहाणपण केलं. कोणी टूथपेस्ट आणायला पळालं होतं, तिनं ते थांबवलं आणि त्याचा हात बोअरच्या साध्या पाण्याखाली धरला, चांगला वीस मिनिटं. मग आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाण्याखाली धरला ते बरं केलं. तीन आठवडे पट्टी होती. दादा मला एका शब्दानंही बोलला नाही. वहिनी पण नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ट्रॅक्टरचं हेड गॅसकेट गेलं, हेडला फेस मारावा लागला. खर्च झाला, हरभरा भाड्याच्या ट्रॅक्टरवर पेरला, आठ दिवस उशीर झाला. ते सगळं भरून निघतं. पण पोरानं मला फोनवर दोनदा बरोबर माहिती दिली होती आणि मी दोन्ही वेळा चुकीचा अर्थ लावला, हे डोक्यातून जात नव्हतं. म्हणून त्या हिवाळ्यात मी हा विषय मुळापासून समजून घेतला. त्यातलं कामाचं तेवढं इथं सांगतो.

पहिली गोष्ट : खोटा काटा उडी मारतो, खरा काटा चढतो. पाण्याला तापायला वेळ लागतो. चावी फिरवल्याबरोबर काटा लालवर गेला तर ते पाणी तापलेलं नाही, ते वायरिंग आहे. दहा-वीस मिनिटांत काटा हळूहळू वर सरकला तर ती खरी उष्णता समजून चाला. आमच्या ट्रॅक्टरमध्ये दोन्ही दुखणी एकाच वेळी होती. खोट्या दुखण्यानं खऱ्याला झाकून टाकलं.

दुसरी गोष्ट : वर गेलेला काटा काम चालू असताना अचानक खाली आला तर खूश होऊ नका. मीटरचा सेन्सर त्याला चिकटलेल्या पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उकळून बाहेर गेलं की सेन्सर उघडा पडतो. मग तो वाफेत आणि हवेत असतो, तिथं त्याला उष्णता नीट पोचत नाही, आणि काटा खाली येतो. इंजिन मात्र आतून भाजत असतं. लोड तोच असताना काटा पडला तर इंजिन लगेच बंद. आमच्या पोराचा दुसरा फोन नेमका हाच होता.

आता खोट्या काट्याचं दुखणं कसं शोधायचं ते. विजेवर चालणाऱ्या मीटरमध्ये सेन्सरला बहुतेक वेळा एकच वायर असते, अर्थिंग त्याला इंजिनच्या धातूतून मिळतं. सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो, करंट जास्त जातो, काटा वर चढतो. एवढं कळलं की तपासणी सोपी आहे. इंजिन बंद, चावी चालू. सेन्सरची वायर काढा. काटा पार खाली गेला पाहिजे. मग तीच वायर इंजिनच्या उघड्या लोखंडाला क्षणभर टेकवा, एक सेकंद, जास्त नाही. काटा पार वर गेला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर चांगली, सेन्सर तपासा. तो काढून तापत्या पाण्यात धरा आणि मल्टिमीटर लावा. पाणी तापेल तसा रोध उतरत गेला पाहिजे.

आमच्याकडं वायर सेन्सरपासून काढली तरी काटा लालवरच. म्हणजे वायर मधेच कुठंतरी लोखंडाला लागत होती. शोधलं तर डॅशबोर्डखाली एका पट्टीवर घासून घासून तिचं कव्हर फाटलेलं. खड्ड्यात गेलं की वायर हलायची, म्हणून काटा खाली-वर. वीतभर वायर, एक टेप आणि रबरी नळीचा तुकडा. पन्नास रुपयांच्या आत काम झालं. दोन वर्षं मी एवढ्याशा कामाला "काटा येडा आहे" म्हणत होतो.

आणखी दोन बारीक गोष्टी. सेन्सर बसवताना आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळू नका, अर्थिंग तुटू शकतं. आणि डिझेलचा काटा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही एकदमच वेड्यासारखे वागत असतील तर सेन्सर बदलत बसू नका, मीटरच्या अर्थिंगकडं आणि त्याच्या सप्लायकडं आधी बघा. काही जुन्या ट्रॅक्टरला वायरऐवजी तांब्याची बारीक नळी असते. त्या मीटरला वीज लागत नाही. ती नळी चिमटली किंवा तुटली की काटा मरतो आणि पूर्ण मीटरच बदलावा लागतो.

आता खरं तापत असेल तर. मी आता स्वस्तातून महागाकडं जातो, म्हणजे आधी फुकटात बघता येतं ते.

मळणीत सगळ्यात मोठा शत्रू भुसकट. ट्रॅक्टर एका जागी उभा, लोड पूर्ण, आणि पंखा समोरून हवा ओढतो ती भुसकटासकट. पुढची जाळी साफ दिसते म्हणून फसू नका, बारीक कोंडा तिच्यातून आत जाऊन रेडिएटरच्या पातळ पाकळ्यांत बसतो. हवा मारायची ती इंजिनकडून बाहेर, म्हणजे जिकडून कचरा आला तिकडंच परत. दाब बेताचा ठेवा, पाकळ्या वाकल्या तर नवं दुखणं. मळणीत आम्ही आता दर दोन-तीन तासांनी थांबतो, आणि ट्रॅक्टर उभा करताना वारा बघतो. भुसकट पुढच्या तोंडाकडं येत असेल तर जागा बदलायची.

मग फॅन बेल्ट. दोन पुल्यांच्या मधे अंगठ्यानं दाबला तर साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. आमचा त्याच्या दुप्पट दबत होता. बेल्ट घसरला की पंखा आणि वॉटर पंप दोन्ही मंदावतात.

मग झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं टोपण नाही, तो दाब धरणारा वॉल आहे. त्याच्यावर दाबाचा आकडा असतो. एक पीएसआय दाबामागं पाणी उकळायचा बिंदू साधारण दीड अंशानं वर सरकतो. सात पीएसआयचं चांगलं झाकण असेल तर शंभरऐवजी ११० अंशाच्या आसपास पाणी उकळतं. आमच्या झाकणाचं रबर वाळून कडक झालेलं, दाबच धरत नव्हतं. म्हणून पाणी लवकर उकळलं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून गुपचूप निघून गेलं. भुसकटाच्या ढिगावर ते सांडलेलं कोणाला दिसलंही नाही.

मग थर्मोस्टॅट. आमचा एका मिस्त्रीनं कधीच काढून टाकला होता, "आपल्या उन्हात काय कामाचा" म्हणून. बरेच जण काढतात. पण त्याच्याविना इंजिन नेहमीच्या कामात थंड राहतं, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद होते. तो नसेल तर थोडं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरत राहतं, म्हणजे लोडवर उलटं तापतं. चांगला आहे का ते घरी बघता येतं. पातेल्यात पाणी, त्यात दोरीनं लटकवलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर ८२ छापलं असेल तर त्या सुमाराला तो उघडायला लागला पाहिजे. उकळी फुटली तरी मिटलेलाच राहिला तर फेकून द्या.

शेवटी आतली घाण. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडमध्ये बसतो. आमच्या रेडिएटरच्या खालच्या बाजूच्या नळ्या चुनखडीनं बंद होत्या. ते कळलं हातात धरायच्या तापमानाच्या गनमुळं. गाडी गरम असताना रेडिएटरभर फिरवली तर मधेच थंड पट्टे दाखवले, म्हणजे तिथून पाणीच जात नव्हतं. गन घ्यायची तर मशिनरीवाली घ्या, कोरोनात कपाळाला लावायचो ती नाही. ती अंगाच्या तापाच्या पुढं मोजत नाही. आणि चकचकीत धातूवर आकडा चुकतो, रंग दिलेल्या किंवा काळ्या जागेवर धरा. मीटरचा काटा खरा की खोटा हे ठरवायला पण हीच गन कामाला येते. थर्मोस्टॅटच्या घराजवळ धरायची आणि काट्याशी ताळा बघायचा.

आता आम्ही डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घालतो. आपल्याकडं बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको असं नाही, गंज थांबवायला आणि उकळी लांबवायला ते लागतं. फक्त सांडलेलं कूलंट उघडं ठेवू नका. बऱ्याच कूलंटची चव गोड असते आणि ते विषारी असतं. कुत्रं, वासरू चाटून जातं.

एवढं करूनही पाणी कमी होत असेल, झाकण काढून थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील, किंवा डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसत असेल, तर गॅसकेट किंवा हेडचं काम आहे. तिथं आपण हात थांबवावा आणि चांगला मिस्त्री गाठावा.

आणि रानात काटा लालवर गेला तर काय करायचं, ते घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. आधी लोड काढा, पीटीओ बंद. पाणी बाहेर पडत नसेल तर दोन-चार मिनिटं रिकामं चालू द्या, पंखा उष्णता काढतो. पाणी-वाफ बाहेर येत असेल किंवा काटा अचानक पडला असेल तर सरळ इंजिन बंद. झाकणाला हात लावायचा नाही. अर्धा-पाऊण तास, वरच्या होजला हात सहज धरता येईल तोवर. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं.

पुतण्याचा हात आता बरा आहे. मनगटाजवळ कातडीचा रंग वेगळा राहिलाय. यंदा त्यानं वहिनीची नेलपॉलिश आणली आणि मीटरच्या काचेवर, काटा रोज जिथं थांबतो तिथं, एक बारीक रेघ मारली. काटा रेघेच्या वर गेला की विचारायचं नाही, थांबवायचं, असं आमचं ठरलंय.

मागच्या महिन्यात रोटाव्हेटर चालू असताना त्याचा फोन आला. "काका, काटा रेघेच्या वर सरकतोय, हळूहळू." मी म्हणालो, "बंद कर, आलोच." जाऊन बघितलं तर जाळीवर गवत बसलेलं, बाकी काही नाही. पाच मिनिटांचं काम. तो जरा ओशाळला, "उगंच बोलावलं काका तुम्हाला." मी म्हणालो, "असंच उगंच बोलवत जा."

तुमच्या ट्रॅक्टरवर कोणता काटा "तसाच आहे" म्हणून सोडून दिलाय का? असेल तर मळणीच्या आधी एकदा त्याची वायर काढून बघा.