प्राग, ओक्लाहोमा

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी पुष्कळ वर्षे शिकवला. पंडिता रमाबाईंचे १८८९ सालचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', मग काणेकर, गाडगीळ, पु. ल. असा क्रम ठरलेला असे. त्या तासाला एक वाक्य मी दरवर्षी न चुकता सांगत असे : प्रवासवर्णनाचा नायक हा पाहणारा असतो, आणि त्याची पाहण्याची कुवत हीच त्या लेखनाची कुवत. विद्यार्थी ते उतरवून घेत आणि परीक्षेत मला परत करीत. त्या वाक्यात काहीतरी उणे आहे हे मला २०१४ सालच्या मे महिन्यात कळले, तेव्हा मी अमेरिकेतल्या एका रस्त्याकडेच्या चरात बसलो होतो. मोटार मीच चालवत होतो.

मुलगा डलासला नोकरीस. निवृत्तीनंतर आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. जुना 'रूट ६६' दाखवतो, असे त्याने ठरवले. १९८५ साली हा महामार्ग सरकारी यादीतून वगळला गेला. आता लोक तो पाहायला जातात, जसे आपण पडका वाडा पाहायला जातो. मोठा रस्ता सोडून आम्ही आतल्या रस्त्याने निघालो : एडा, सेमिनोल, आणि पुढे स्ट्राउडला रूट ६६ लागणार. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना कुरणे आणि मधूनच दिसणारी तांबडी माती. नगरच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला ती माती जखमेसारखी वाटते.

माझ्या खिशात आंतरराष्ट्रीय वाहन परवाना होता. नगर-दौंड रस्त्यावर पंचवीस वर्षे गाडी चालवल्याचा अभिमान त्याहून मोठा होता. मी चाक मागून घेतले. पहिल्याच वळणाला दिवा दाखवायला गेलो तो कोरड्या काचेवर वायपर फिरू लागले; तिथे त्या दांड्यांच्या जागा उलट. मुलगा हसला, पत्नी हसली, मीही हसलो. पुढे गवताच्या गठ्ठ्यांची गाडी ओढणारा एक ट्रॅक्टर लागला. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर लिहिलेलेच असते, त्या संस्काराने मी दोनदा हॉर्न वाजवला. ट्रॅक्टर थांबला. साठीपलीकडचा एक उंच गृहस्थ उतरून आमच्यापाशी आला आणि त्याने गंभीरपणे विचारले, "काही अडचण आहे का?" त्याच्या समजुतीने हॉर्न अडलेला माणूस वाजवतो. काही नाही, सहज वाजवला, असे सांगताना माझे इंग्रजी प्रथमच अपुरे पडले.

"अप्पा, आता मी घेतो," मुलगा म्हणाला. मी ऐकले नाही. दोनतीन मैलांवर समोरून एक मालवाहू ट्रक आला आणि पंचवीस वर्षांचे हात माझ्या आधी निर्णय घेऊन मोकळे झाले : गाडी डावीकडे, म्हणजे थेट त्याच्या वाटेत. मुलाने चाक हिसकून उजवीकडे ओढले. ट्रकचा वारा खिडकीला लागून गेला. गाडी चरात उतरली, एक टायर फुटला आणि मग फार शांत झाले. कोणालाही खरचटलेसुद्धा नव्हते. पत्नीने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता.

पंधरा मिनिटांनी मागून तोच ट्रॅक्टर आला. त्या गृहस्थाने हॉर्नचा विषय काढला नाही. साखळी लावून त्याने गाडी वर ओढली, सुटे चाक बसवायला मुलाला मदत केली, पैसे देऊ लागलो तर हात पाठीमागे घेतले. टायर कुठे मिळेल, असे विचारल्यावर म्हणाला, "प्रेगला." त्या गावाच्या वेशीवर आलो आणि पाटीवरची अक्षरे मी वाचली. उच्चार त्यांचा 'प्रेग' असला तरी स्पेलिंग काफ्काच्या शहराचे होते. प्राग.

येथे मला अठ्ठावीस वर्षे मागे जावे लागेल. माझे बालपण नगरच्या दक्षिणेला दौंड रस्त्यावर, अरणगावात गेले. तिथे रेल्वेरुळांच्या दोन्ही अंगांना मेहेराबाद आहे आणि टेकडीवर मेहेरबाबांची समाधी. जगभरचे लोक तिथे येतात. आम्हा गावच्या मुलांना ते गोरे लोक विजेच्या खांबांइतके परिचयाचे होते, आणि खांबांकडे जेवढे लक्ष जाते तेवढेच आमचे त्यांच्याकडे जाई. १९८६ साली, मी नुकताच व्याख्याता झालेला असताना, रुळांपाशी एक वृद्ध परदेशी बाई पंक्चर झालेली सायकल ढकलत चाललेली दिसली. मी सायकल घेतली आणि दुकानापर्यंत सोबत केली. हेतू परोपकाराचा कमी आणि इंग्रजी बोलण्याचा अधिक होता. बोलता बोलता ती म्हणाली की प्राग गावाजवळ बाबांच्या मोटारीला अपघात झाला, तेव्हा आपण अमेरिकेतच होतो. मी तिला दुरुस्त केले. प्राग चेकोस्लोव्हाकियात आहे, अमेरिकेत नव्हे, असे सांगून वर काफ्काचे दोन शब्द ऐकवले. ती माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "असेल." भक्तांचा भूगोल कच्चाच असायचा, असा किस्सा मी नंतर स्टाफरूममध्ये अनेकदा रंगवून सांगितला.

टायरच्या दुकानात बसून मुलाने फोनवर शोधले आणि मोठ्याने वाचून दाखवले. ओक्लाहोमातील हे प्राग चेक स्थलांतरितांनी वसवले. २४ मे १९५२ रोजी, पूर्व किनाऱ्यावरच्या मर्टल बीचहून कॅलिफोर्नियाकडे मोटारीने जाताना, याच गावाजवळ समोरून आलेल्या गाडीशी मेहेरबाबांच्या गाडीची टक्कर झाली. ते बाहेर फेकले गेले. डावा हात आणि डावा पाय मोडला. उपचार या गावातल्या छोट्या रुग्णालयात झाले. त्यांच्या मौनाला तेव्हा सत्तावीस वर्षे होत आली होती. बोलायचे ते अक्षरफळ्यावर बोट ठेवून. पुढे २ डिसेंबर १९५६ रोजी साताऱ्याजवळ दुसरा अपघात झाला आणि चालणे कायमचे अवघड होऊन बसले. हे सारे माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कोणीही मला सांगितले असते. ते समजायला मी डलासमार्गे आलो.

मी भक्त नव्हतो आणि आजही नाही. योगायोगात संकेत शोधण्याची मला सवय नाही. मला छळले ते वेगळेच. माझ्या गावातून निघालेला एक माणूस या रस्त्यावर रक्तबंबाळ होऊन पडला होता आणि त्याला इथल्या अनोळखी लोकांनी उचलले होते. बासष्ट वर्षांनी त्याच टापूत मलाही अनोळखी माणसाने उचलले, तेही त्याला विनाकारण रस्त्यात थांबवल्यानंतर. त्याने मला दुरुस्त केले नाही. इथे हॉर्न असा वाजवत नाहीत, एवढेही तो म्हणाला नाही. आणि मी एका पाहुणीची सायकल उचलून तिच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट खोडून काढली होती.

आपल्या प्रवासवर्णनांत फजितीचे प्रसंग पुष्कळ असतात, पण ते बहुधा विनोदाच्या सोयीसाठी. लेखक पडतो आणि लगेच उठून पुन्हा पाहू लागतो. चरात बसलेला माणूस पाहणारा राहत नाही. तो पाहिला जातो. त्याच्याविषयी काय मत करायचे आणि त्याच्याशी कसे वागायचे, हे दुसऱ्याच्या हाती असते. अरणगावात आम्ही त्या परक्या लोकांना जन्मभर पाहणाऱ्याच्या जागेवरून पाहिले. तेही वाट चुकणारे, पंक्चर होणारे, कोणाच्या तरी भरवशावर आलेले असतील, हे कधी मनात आले नाही. वर्गात सांगायचे राहून गेलेले ते हे.

उरलेला प्रवास मुलाने चालवला. रूट ६६ पाहिला, फोटो आहेत. रात्री हॉटेलात तो एवढेच म्हणाला, "अप्पा, मी ओरडलो का तुमच्यावर?" तो ओरडला नव्हता. मी तसे सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. मुलाची क्षमा मागण्याची ती माझी पहिलीच वेळ.

पुढच्या ३१ जानेवारीला मी मेहेराबादला गेलो. तो बाबांच्या निर्वाणाचा दिवस. दुपारी बारा वाजता तिथे जमलेले हजारो लोक पंधरा मिनिटे मौन पाळतात. आवारात मी वृद्ध परदेशी स्त्रियांचे चेहरे शोधत होतो. ती आज असलीच तर नव्वदीपार असेल, आणि असली तरी मी ओळखणार नाही, हे कळत होते. बारा वाजले, बोलणी थांबली. माझ्या शेजारी एक गोरी मुलगी मांडी घालून बसली होती. पंधरा मिनिटांनंतर तिने मला हिंदीतून विचारले की मी कुठून आलो. इथलाच, म्हणालो, आणि आपण कुठून, हे विचारून ती सांगत होती ते पूर्ण ऐकून घेतले.