नळ कितव्या दिवशी येतो?

व्यापाऱ्यांबद्दल माझ्या मनात कायम अढी होती. वस्तू कारखान्यात तयार होते, किंमत खोक्यावर छापलेली असते. मधला माणूस नुसता गल्ल्यावर बसून पैसे खातो, असं मला वाटे. लाजिरवाणी गोष्ट ही, की मी धाराशिवात बारावीला अर्थशास्त्र शिकवत होतो. ‘मध्यस्थ’ हा शब्द फळ्यावर लिहिताना माझा आवाज आपोआप बदलायचा. पुढ्यात बसलेल्या कित्येकांचे वडील दुकानदार होते, हे तेव्हा मनातही आलं नाही.

विजेच्या उपकरणांच्या साखळी दुकानांविषयी तर मत ठरलेलंच होतं. विजय सेल्सची पानभर जाहिरात दिसली की म्हणायचो, पैशाच्या जोरावर पसरलेत, दुसरं काय!

मग वॉशिंग मशीन घ्यायची ठरली. मी गावातल्या दुकानात गेलो तो घ्यायला नव्हे, बघायला. मशीन हाताळायची, मॉडेल नंबर टिपायचा आणि ऑनलाइन मागवायची, असा बेत. मला हवी होती समोरून दार उघडणारी, पूर्ण ऑटोमॅटिक. त्या दुकानातली जवळजवळ सगळ्यांत महाग.

दुकानदारांनी किंमत सांगितलीच नाही. विचारलं, “सर, नळ कितव्या दिवशी येतो तुमच्याकडं?”

“आठव्या.”

“टाकी कुठंय?”

“न्हाणीवर.”

“मग ही नका घेऊ. एवढ्या उंचीवरून हिला पाण्याचा दाब मिळायचा नाही. टाकी संपली की मधेच बंद पडून बसंल. दोन टबांची घ्या. बादलीनं पाणी ओता, खळबळलेलं पाणी संडासाला वापरा.” दोन टबांची मशीन जवळपास निम्म्या किमतीची होती.

मी खिशातल्या चिठ्ठीवर हात ठेवून उभा. या माणसाला स्वतःचं नुकसान कळत नव्हतं असं थोडंच आहे? माझ्या घरचं पाणी कारखान्याला ठाऊक नव्हतं, जाहिरातीला नव्हतं. ते विचारायचं असतं एवढं यांना ठाऊक होतं, आणि त्याचे पैसे बिलात कुठेच लागत नव्हते. ते फुकट लाटून पैसे दुसरीकडे मोजायला मी निघालो होतो. वर लबाड कोण, तर तो! मशीन तिथेच घेतली. घासाघीस करायचा धीर झाला नाही.

त्यानंतर विजय सेल्सची गोष्ट पहिल्यांदा नीट वाचली. हरयाणातल्या कैथलहून आलेल्या नानू गुप्तांनी 1967 मध्ये माहीमला एक छोटं दुकान काढलं, भावाच्या नावावरून नाव ठेवलं. शिलाई मशीन, पंखे, ट्रान्झिस्टर असा माल. मुंबईत दूरदर्शन आलं 1972 मध्ये, रंगीत चित्र 1982 मध्ये. म्हणजे टीव्हीसाठी नावाजलेलं हे दुकान मुंबईतल्या टीव्हीच्याही आधीचं. शेजारीपाजारी कुणाकडे नसलेली वस्तू साठवलेली पुंजी मोडून घरात आणायची, तर गिऱ्हाईक आधी माणूस बघणार, मग वस्तू. टाटांनी 2006 मध्ये जुहूला आपल्या ‘क्रोमा’ या अशाच साखळीचं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या वूलवर्थ्सची मदत घेतली. प्रत्यक्ष टाटांना जे काम दुसऱ्याकडून शिकून घ्यावंसं वाटलं, त्याला मी वर्षानुवर्षं ‘नुसतं बसणं’ म्हणत होतो.

आज विजय सेल्सची शंभरावर दालनं आहेत. भांडवल मिळत असेल, जागाही मिळत असतील. पण नळाची चौकशी करणारा माणूस प्रत्येक काउंटरला उभा करणं, हे खरं अवघड. ते कितपत साधतं, याबद्दल माझा संशय अजून गेलेला नाही. हप्त्यांवर वस्तू गळ्यात मारण्याचा रागही तसाच आहे.

आणि मी तरी कुठे पुरता सुधारलोय? मोबाइल अजून ऑनलाइनच मागवतो. परवा पार्सलवाल्याने नेमकं त्याच दुकानासमोर गाठलं. दुकानदारांनी खोकं पाहिलं. मी नजर चुकवली. ते म्हणाले, “या सर, ग्लास टाकून देतो.”