न दिसणाऱ्या पैशाचा हिशेब

घरांच्या धोरणावरचे सरकारी अहवाल वाचल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. घरबांधणीत सार्वजनिक पैसा तिजोरीतून बाहेर पडतो त्यापेक्षा तिजोरीत येतच नाही, अशा वाटेने जास्त जातो. जमीन, वाढीव चटईक्षेत्र, माफ केलेले प्रीमियम ही सगळी जनतेची मालमत्ताच, पण अर्थसंकल्पाच्या खर्चात ती दिसत नाही आणि म्हणून तिच्याबद्दल विधानसभेत फारसे कोणी विचारत नाही. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीची 31 मजली इमारत याच वाटेने उभी राहिली. सरकारी जमीन मिळाली, शेजारच्या बेस्टच्या भूखंडाचे चटईक्षेत्रही वापरले गेले. 2011मध्ये महालेखापरीक्षकांनी हा व्यवहार उघड्यावर मांडला आणि नंतरच्या चौकशी आयोगाने 102 सभासदांपैकी 25 जणांना अपात्र ठरवले. सैनिकांच्या कल्याणाचे नाव घेऊन मिळवलेल्या जमिनीवर घरे कोणाची झाली, हा प्रश्न माझ्या दृष्टीने भ्रष्टाचाराच्या आकड्याहून मोठा आहे, कारण तिथे पात्र माणसाचे घर अपात्र माणसाने घेतले.

यावर म्हटले जाते की सवलती दिल्याशिवाय घरे बांधली जाणार नाहीत. असेलही. जानेवारी 2021मध्ये राज्याने बांधकामाचे प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्मे केले आणि ग्राहकाचे मुद्रांक शुल्क विकासकाने भरावे अशी अट घातली. अट योग्य होती. पण सरकारने किती महसूल सोडला, त्यातला किती ग्राहकाच्या पदरात पडला आणि किमतीत किती भर पडून तो परत वसूल झाला, हे प्रकल्पागणिक मांडल्याशिवाय सवलत यशस्वी झाली असे मी कशाच्या आधारावर म्हणू? 2013पासून मोठ्या शहरांत 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 20 टक्के लहान घरांची तरतूद आहे. तीही तितकीच खरी ठरेल, जितकी तिची नोंद कोणी तपासेल.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: लेखापरीक्षणाच्या धाकाने अधिकारी सही करायला कचरतात, फायली अडतात आणि भुर्दंड गरिबालाच बसतो. हे खरेही आहे, पण धाक असतो तो मर्जीने निर्णय घ्यावा लागतो तिथे. म्हाडाच्या संगणकीय सोडतीत अर्जदारांची नावे आणि निकाल जाहीर होतात, त्यामुळे यादीवर सही करणाऱ्याला लपवण्यासारखे काही उरत नाही. शिवाय लेखापरीक्षण इमारत उभी राहिल्यावर येते, हा दोष मान्य करूनच मी म्हणतो, प्रत्येक सवलतीची रक्कम आणि तिच्यातून घर मिळालेल्यांची पात्रता, ताबा देण्याआधी, महारेराच्या प्रकल्पपानावर जाहीर करणे बंधनकारक करावे. घर ज्याला मिळाले नाही, त्या अर्जदाराला ती यादी पडताळता आली पाहिजे.