माहेर कुठलं म्हणायचं?

रविवारी साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "काय गं, ती पाल अजून आहे का घरात?" पाल नव्हे आई, न्यूट. "तेच ते." जपानीत पाल म्हणजे यामोरी, घर राखणारी; आणि न्यूट म्हणजे इमोरी, विहीर राखणारा. हे सांगितलं तेव्हा आई थोडी विरघळली. राखणदाराला काही बोलू नये, असं तिचं मत.

नागोयातल्या माझ्या दोन खोल्यांत चार टाक्या आहेत. त्यांत अकाहारा इमोरी, म्हणजे लाल पोटाचे न्यूट. बोटभर लांबीचे, पाठीने काळपट तपकिरी. होन्शू, शिकोकू, क्यूशू या बेटांवर भाताच्या खाचरांत आणि डबक्यांत हा प्राणी सापडतो. पण सगळीकडचा सारखा नाही. १९६०च्या दशकात सावादा या संशोधकाने त्याचे सहा स्थानिक वाण मांडले. तोहोकू, कांतो, सासायामा, हिरोशिमा ही त्यांतली काही नावं. आमच्या आइची प्रांताचंही एक आहे, अत्सुमी. त्या द्वीपकल्पावरून तो नाहीसा झाला, पण शेजारच्या चिता द्वीपकल्पात त्याच्यासारखे न्यूट सापडले. पुढे जनुकं तपासल्यावर या विभागणीची रेषा वेगळीच निघाली. पाळणारे मात्र अजून जुनीच नावं वापरतात. मीसुद्धा.

नवशिका आधी पोट बघतो. मीही बघायचे. न्यूट काचेला चिकटला की खालून मोबाईलचा दिवा धरायचा आणि ठरवायचं: गडद लाल, ठिपके कमी, म्हणजे हा अमुक गावचा. किती आत्मविश्वास होता! एका दुकानातून 'हिरोशिमा' म्हणून एक मादी आणली. पोट फिकट नारिंगी, जवळजवळ पिवळं. फसवलं, असं वाटलं. दुकान फसवत असेलही, पण मला वाटलं त्या कारणाने नव्हे. पोटाचा लाल रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो. डबक्यात डॅफ्नियासारखे इवले कवचधारी जीव खाऊन वाढलेला न्यूट लालभडक होतो. टाकीत अंड्यापासून वाढलेला आणि एकाच तऱ्हेच्या अळीवर पोसलेला फिकट राहतो. मी डॅफ्निया सुरू केला. काही महिन्यांनी पोट शेंदरी दिसू लागलं. म्हणजे इतके दिवस मी तिचं गाव वाचत नव्हते, तिचं जेवण वाचत होते.

काळ्या ठिपक्यांची नक्षी रंगापेक्षा भरवशाची. पण ती प्रत्येकाची निराळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. त्यावरून हा कोण ते कळतं. हा कुठला, ते नक्की कळत नाही.

मग नजर वागण्याकडे वळली, आणि खरी गंमत तिथे आहे. डिवचल्यावर काही न्यूट डोकं आणि शेपटी वर उचलून कमान करतात आणि लाल पोट दाखवतात: खाऊ नको, विषारी आहे. विष तेच, फुगू माशातलं टेट्रोडोटॉक्सिन. (म्हणून टाकीत हात घातला की साबणाने धुवायचा, हे आईला सांगितलेलं नाही.) माझ्याकडचे काही जण ही कमान चटकन करतात, काही नुसतेच सटकतात.

त्याहून बोलकं म्हणजे नराचं प्रियाराधन. विणीच्या काळात त्याच्या शेपटीवर निळसर जांभळी झाक येते. मादीच्या तोंडासमोर आडवा येऊन तो शेपटी दुमडतो आणि टोक थरथरवत तिच्याकडे पाणी ढकलतो. त्या पाण्यात गंध असतो. १९९५ साली त्यातलं दहा अमिनो आम्लांचं द्रव्य ओळखलं गेलं आणि त्याचं नाव पडलं सोडेफ्रिन. जुन्या जपानी कवितेत प्रियाला बाही हलवून खुणावतात, ती बाही, जपानीत 'सोदे', या नावात आली. पुढे नारा परिसरातल्या न्यूटमध्ये त्याचंच थोडं वेगळं रूप मिळालं, आणि तिथल्या माद्या त्यालाच दाद देतात. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, ती इथे पाण्यात विरघळलेली असते. वेगवेगळ्या भागांतले नर-मादी एकत्र ठेवले तर बरेचदा जमत नाही, त्यामागे हेही असावं.

माझ्या कांतोच्या नराने त्या 'हिरोशिमा'च्या मादीपुढे तीन रात्री शेपटी हलवली. चौथ्या रात्री ती त्याच्या अंगावरून चालत अळी खायला गेली. यावरून ती हिरोशिमाची ठरते का? नाही. तिला भूक लागली असेल एवढंच. मी नराला पुन्हा त्याच्या टाकीत टाकलं. जमलं असतं तर ती पिल्लं कुठली म्हणायची? उद्या कोणी ती डबक्यात सोडली तर तिथल्या वाणात कायमची भेसळ.

मादीच्या टाकीवरच्या पट्टीवर 'हिरोशिमा' होतं, ते खोडून मी नुसतं 'दुकान' लिहिलं, आणि आणल्याची तारीख. ज्या टाक्यांवर डबक्याचं नाव आहे, त्याच खऱ्या ओळखीच्या. बाकी माझा अंदाज.

आईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तिचं माहेर कुठलं ते तुला माहीत नाही?"

"नाही."

"आणि तू स्थळ बघत होतीस?"