किस्से संपल्यावर…

प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असा एक ग्रुप असतोच. कॉलेजचा. नाव काहीतरी भन्नाट आणि फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा, ज्यात सगळेच बारीक! वर्षातून दोन-चारदा, कुणाच्या तरी वाढदिवसाला, तो जागा होतो. केक, फुगे, 'पार्टी कधी?', आणि मग कुणीतरी हमखास टाकतं, 'भेटूया यार एकदा!' त्यावर पटापट अंगठे पडतात आणि पुढच्या वाढदिवसापर्यंत सगळं शांत.

आमचाही ग्रुप असाच, चौघांचा. नावं नकोत, कट्ट्यावरची टोपणनावंच बरी. 'सीए', जी तेव्हापासून कॅन्टीनच्या चहाचा हिशेब पैशापैशाने ठेवायची आणि आता खरोखरच सीए झाली आहे. 'पुणेकर', शिकायला मुंबईत आला आणि परत जाऊन हिंजवडीत स्थिरावला. 'मालवणी', देवबागचा. आणि चौथी मी.

मालवणीचे बाबा २०२१ मध्ये गेले. आई गावी एकटी. त्यानं ऐरोलीतल्या ऑफिसातून तीन महिन्यांची रजा काढली आणि ती रजा अजून संपलेली नाही. गावच्या घराला दोन खोल्या जोडल्या आणि पर्यटकांची सोय सुरू केली. यावर आमच्यात दोन तट. सीएचं म्हणणं, वर्षभरात कंटाळून परत येईल. पुणेकराचं म्हणणं, 'लकी आहे लेकाचा!'

गेल्या डिसेंबरात सीएनं ग्रुपवर तारीख विचारलीच नाही. थेट तिकिटांचा फोटो टाकला. कोकणकन्या, तीन बर्थ, कुडाळपर्यंत. खाली एकच ओळ: 'पैसे नंतर द्या, पण द्या.' आम्ही दोघी ठाण्याला चढलो, पुणेकर पनवेलला.

कुडाळला मालवणी गाडी घेऊन हजर होता. रंगानं काळवंडलेला, पोट गायब, दाढीत दोन पांढरे केस. मालवण, तारकर्ली मागे टाकत देवबागला पोचलो. देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. पुढे जिथे ही पट्टी संपते, तिथे नदी समुद्राला मिळते. दारात काकी उभ्या. 'इलास? आधी च्याय घेवा,' एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

रात्री तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. वर किस्से. सबमिशनच्या आदल्या रात्रीचा किस्सा, शेवटची लोकल चुकल्याचा किस्सा, सीएनं वेटरशी घातलेल्या वादाचा किस्सा. हसून हसून पोट दुखलं.

पण कॉलेजचे किस्से किती पुरतात? आमचे साडेदहापर्यंत पुरले. मग एक शांतता पसरली आणि चौघांनीही हळूच मोबाइल काढले. मला तर टेन्शनच आलं, बॉस! अजून दोन दिवस जायचे होते. आमच्यात या किस्स्यांपलीकडे काही उरलंय की नाही, हा प्रश्न त्या रात्री मच्छरदाणीत माझ्या डोक्यात फिरत होता. बाहेर समुद्राची गाज चालूच होती.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग. मालवणच्या जेट्टीवरून होडीनं थोड्याच वेळात पोचतो. कुरटे बेटावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला आणि तीनेक वर्षांत उभा केला. गंमत म्हणजे अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. तटाच्या वळणात लपलेला. आत दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर. चहूकडे खारं पाणी आणि या विहिरींना गोडं! छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेलं श्री शिवराजेश्वराचं मंदिरही इथलंच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात हा एक.

ही माहिती कुठेही मिळेल. पण ऐकताना जाणवलं, मालवणी हे सगळं त्याच्या बाबांच्या आवाजात सांगतोय. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी हे कुटुंब एसटीनं रात्रभर प्रवास करून गावी यायचं आणि दर मे महिन्यात बाबा त्याला किल्ल्यावर आणायचे. 'प्रत्येक वेळी तेच सांगायचे रे. मी कंटाळायचो,' तो तटावर बसून म्हणाला. आम्ही तिघंही तटावर बसलो. कुणी काही बोललं नाही. आदल्या रात्रीच्या शांततेपेक्षा ही शांतता वेगळी होती. कुणाचा मोबाइल बाहेर आला नाही.

खरी गोष्ट घडली तिसऱ्या दिवशी सकाळी, रापणीवर. रापण ही किनाऱ्यावरून ओढायची मासेमारी. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा गोल मारून परत येते आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं दोन रांगांत ओढतात. एकट्यादुकट्याचं कामच नाही. सगळा गट हवा आणि मिळालेल्या मासळीत सगळ्यांचा वाटा. मोठ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध इथले पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आलेत. राज्य सरकारनं २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंधही आणले. तरी रापण पूर्वीसारखी भरत नाही, असं मालवणी सांगत होता. सांगता सांगता त्यानं आम्हाला दोराला जुंपलं.

दहा मिनिटांत तळहात लाल. माझ्यापुढे पुणेकर, त्याच्यापुढे सीए. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. आणि पुणेकर एकदम म्हणाला, 'मला काढलं नोकरीवरून. चार महिने झाले. घरी माहीत नाही. रोज लॅपटॉप घेऊन बाहेर पडतो.'

सीएचे हात थांबले. मागून मालवणी म्हणाला, 'दोर सोडू नको. ओढता ओढता बोल.'

तो बोलला. घराचा हप्ता, मुलीची शाळा, कॅफेत दिवस काढताना येणारी लाज. कुणी 'होईल रे सगळं ठीक' म्हटलं नाही. मग मालवणीनंही सांगितलं, की गावी आल्यावर पहिलं वर्ष तो रोज रात्री मुंबईतल्या नोकऱ्या शोधायचा. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात तेव्हा पोटात गोळा येतो, तो अजूनही. 'लकी-बिकी काही नाही रे. पण आईजवळ आहे.'

जाळं किनाऱ्याला लागलं. थोडी तारली, थोडे बांगडे, एक भलामोठा खेकडा. रापणकरांनी आमच्याही पिशवीत मूठभर टाकले.

दुपारी सीएनं काकींकडून जुनी वही मागून घेतली आणि पुणेकराला समोर बसवलं. शिल्लक किती, हप्ता किती, किती महिने निघतील. कॅन्टीनचा हिशेब ठेवणारी तीच ती! संध्याकाळी पुणेकर संगमाकडे एकटाच चालत गेला आणि बायकोला फोन केला. पाऊण तासानं परत आला. 'चिडली,' म्हणाला. 'नोकरी गेली म्हणून नाही. चार महिने सांगितलं नाही म्हणून.'

परतीच्या गाडीत मी विचार करत होते, हे मुंबईतल्या एखाद्या कॅफेत झालं असतं का? मला नाही वाटत. तिथे आपण समोरासमोर बसतो आणि एकमेकांना 'अपडेट' देतो, जवळजवळ अप्रेझलसारखं. सगळं मस्त चाललंय, बिल आलं, चला बाय! प्रवासात तसं नसतं. हाताला काम असतं, डोळ्यांपुढे दुसरंच काहीतरी असतं आणि उठून जायला ठिकाण नसतं. किस्से संपायलाही तिथे वेळ मिळतो. ते संपल्याशिवाय आजचा माणूस बोलायला लागत नाही, असा आमचा तरी अनुभव.

तेव्हा तुमच्या ग्रुपवर 'कधी जमेल?' विचारू नका. ते कधीच जमत नाही. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी तिकिटं काढा आणि फोटो टाका. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणजे दिवाळीनंतरचे महिने उत्तम. आणि दोन रात्री नको, तीन ठेवा. पहिली किस्स्यांत जाते.

पुणेकराला अजून नोकरी लागलेली नाही. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. सीए दर रविवारी त्याला वहीतला हिशेब विचारते आणि तो वैतागून का होईना, सांगतो. पुन्हा जायचं ठरलंय. तिकिटं काढायची पाळी या वेळी माझी.