मार्फाची वीकेंड ट्रिप आणि मिस्टर स्पॅनिश

लाँग वीकेंडला कुठे जायचं, हा आमच्या घरातला कायमचा वाद. नवऱ्याला डोंगर हवे असतात, लेकीला स्विमिंग पूल असलेलं हॉटेल, आणि मला लॅपटॉप नसलेली कुठलीही जागा चालते. या वेळी ऑफिसमधलं रिलीज एकदाचं पार पडलं होतं, म्हणून मी जरा आवाज चढवून मार्फाचं नाव पुढे केलं.

"तिथे आहे काय?" नवऱ्याचा प्रश्न.

खरं उत्तर म्हणजे गवत, गायी आणि आकाश. पण तसं सांगितलं असतं तर ट्रिप तिथेच बारगळली असती. मग मी जेम्स डीन, रात्री दिसणारे गूढ दिवे, मॉडर्न आर्ट वगैरे मालमसाला पुढे केला. गाडी निघाली :)

ऑस्टिनहून मार्फा साधारण सात तासांवर आहे. फोर्ट स्टॉकटन मागे पडलं की रस्त्यावर आपण आणि समोरचं क्षितिज, दुसरं कोणी नाही. दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल तारेचं कुंपण, मध्येच एखादी पवनचक्की आणि पांढऱ्या तोंडाच्या तांबूस हेरफर्ड गायी. इथे पाऊस इतका कमी की एक गाय जगवायला कित्येक एकर लागतात. त्यामुळे रँच प्रचंड आणि माणसं तुरळक. १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी भरायचं ठिकाण म्हणून हे गाव वसलं, आणि पुढे आजूबाजूच्या रँचवाल्यांचं बाजाराचं गाव झालं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १८०० च्याही आत भरली. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत याहून जास्त लोक राहत असतील!

पहिल्या दिवशी आम्ही शिस्तीत लिस्ट उरकली. गावाच्या मधोमध १८८६ चं कोर्टहाऊस आहे. फिकट गुलाबी, वर घुमट, आणि घुमटावर न्यायदेवता. तिच्या हातात तराजू नाही. एका काउबॉयने 'या गावात न्याय नाही' असं म्हणत गोळी झाडून तो पाडला, अशी दंतकथा गावात सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट झकास आहे.

जवळच १९३० मधलं हॉटेल पैसानो. १९५५ च्या उन्हाळ्यात 'जायंट' चित्रपटाचं शूटिंग गावाबाहेरच्या रँचवर झालं, तेव्हा युनिटचा अड्डा इथे होता. एलिझाबेथ टेलर, रॉक हडसन, जेम्स डीन! डीन त्याच वर्षी ३० सप्टेंबरला कार अपघातात गेला. हॉटेलात अजून त्या दिवसांच्या आठवणी जपल्या आहेत. नवरा खूश.

मग चिनाटी फाउंडेशन. डोनाल्ड जड हा न्यूयॉर्कचा नामवंत कलाकार सत्तरच्या दशकात इथे येऊन राहिला आणि त्याने लष्कराच्या जुन्या तळावर कायमचं प्रदर्शन उभं केलं. ते १९८६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तोफखान्याच्या दोन लांबलचक शेडमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या १०० पेट्या मांडल्या आहेत. बाहेरून सगळ्यांचं माप एकच, आतली रचना मात्र प्रत्येकीची वेगळी. (माझ्यातल्या इंजिनियरला हे फारच भावलं. एकच इंटरफेस, शंभर इम्प्लिमेंटेशन्स!) दुसऱ्या महायुद्धात याच तळावर जर्मन युद्धकैदी ठेवले होते. शेडच्या भिंतींवर त्या काळातल्या जर्मन सूचना अजून आहेत. डोकं गमावण्यापेक्षा ते वापरलेलं बरं, अशा अर्थाचं एक वाक्यही आहे. जडने ती अक्षरं पुसली नाहीत, तशीच जपली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रात्री गावाबाहेर हायवेलगत मार्फा लाइट्स बघायला थांबलो. क्षितिजावर दिवे दिसतात, हलतात, विझतात. २००४ मध्ये डॅलसजवळच्या विद्यापीठातल्या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास करून दाखवलं, की त्यांनी पाहिलेले दिवे म्हणजे दूरच्या हायवेवरच्या गाड्यांचे हेडलाइट्स होते. लेकीला भूतच हवं होतं. तिची घोर निराशा झाली.

इथवर लिहून थांबले असते तर हे नेहमीचं प्रवासवर्णन झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघण्याआधी रेल्वे रुळांच्या दक्षिणेला गेलो. तिथे ब्लॅकवेल स्कूल आहे.

मातीच्या कच्च्या विटांची, बुटकी, पांढरी इमारत. १९०९ ची. मार्फातल्या मेक्सिकन वंशाच्या मुलांची ही वेगळी शाळा. टेक्सासमध्ये या मुलांना वेगळं बसवा असा राज्याचा कायदा कधीच नव्हता. फक्त 'पद्धत' होती. १९४८ मध्ये फेडरल कोर्टाने ही पद्धत बेकायदा ठरवली, १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा 'ब्राऊन' निकाल आला, तरी मार्फातली ही शाळा १९६५ पर्यंत चालूच राहिली.

आणि त्याच १९५४ मध्ये शिक्षकांनी मुलांकडून एक अंत्यसंस्कार करून घेतला. मेलेल्याचं नाव होतं मिस्टर स्पॅनिश. मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या एका पेटीत भरल्या, आणि शाळेच्या झेंड्याच्या खांबाजवळ खड्डा खणून पेटी पुरली. आजपासून शाळेत स्पॅनिश बंद. चुकून तोंडून निघालंच तर लाकडी फळीचे फटके.

मी तिथे उभी राहून हिशेब करत होते. मिस्टर स्पॅनिशला पुरल्यानंतर एकाच वर्षाने गावाबाहेर 'जायंट' शूट झाला. त्याच्या शेवटी रॉक हडसन एका मेक्सिकन कुटुंबाला हॉटेलातून हाकलणाऱ्या मालकाशी मारामारी करतो. म्हणजे कॅमेऱ्यासमोर हा अन्याय, आणि काही मैलांवर ही शाळा, दोन्ही एकाच वेळी. शत्रूच्या कैद्यांची जर्मन अक्षरं भिंतीवर जपली गेली आणि गावच्याच पोरांची भाषा खड्ड्यात गेली.

बरं, भाषा तरी कोणती? ज्या गुराख्यांकडून टेक्सासवाले घोड्यावरून गुरं राखायला शिकले, त्यांची. 'रँच' हा शब्दच मुळात स्पॅनिश. लॅसो, रोडिओ, कोरल, सगळे स्पॅनिश. शाळा ज्या मातीच्या विटांची आहे तो 'अ‍ॅडोबी' स्पॅनिश, 'पैसानो' स्पॅनिश, 'जायंट'मधल्या रँचचं नाव 'रेआता', तेही स्पॅनिश, म्हणजे दोर. गावाचा सगळा धंदा ज्या भाषेवर चालला, तीच भाषा पोरांच्या तोंडून नको होती.

लेकीने विचारलं, "आई, दॅट्स सो मीन. असं कोण करतं?"

मी लगेच काही बोलले नाही. कारण मला माहीत होतं कोण करतं ते.

आमच्या पुण्यातल्या इंग्लिश मीडियम शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड होता. मॉनिटरने वहीत नावं लिहायची. आणि सातवीत मॉनिटर मी होते. अक्षर चांगलं, म्हणून बाईंनी निवडलं होतं. मी मन लावून नावं लिहायचे. माझ्याच बाकावरच्या एका मुलीच्या घरी रोज रुपया देणं परवडण्यासारखं नव्हतं. तिने सोपा उपाय काढला. ती मधल्या सुट्टीत बोलायचीच बंद झाली. डबा खायची, खिडकीबाहेर बघायची. तेव्हा मला ती 'शांत' वाटायची.

फळीचे फटके आणि एक रुपया यांची बरोबरी होत नाही, हे मान्य. आम्हाला कुणी वेगळ्या इमारतीत टाकलं नव्हतं, आणि आमच्या आईबाबांनी हौसेने फी भरून ती शाळा निवडली होती. पण मान खाली घालून गप्प बसलेलं पोर दोन्हीकडे सारखंच दिसत असावं.

हे सगळं मी लेकीला गाडीत सांगितलं. मराठीत सांगितलं. ती नेहमीसारखी इंग्रजीतच ऐकत होती, म्हणजे 'ओह', 'रिअली?' वगैरे. मग बराच वेळ गप्प. फोर्ट स्टॉकटनच्या अलीकडे तिने विचारलं, आणि चक्क मराठीत विचारलं, "तू किती जणांची नावं लिहिली?"

मला आकडा आठवत नाही. खरंच आठवत नाही.

ब्लॅकवेलच्या माजी विद्यार्थ्यांची गोष्ट मात्र पुढे सरकली. इमारत पाडली जाऊ नये म्हणून ते एकत्र आले. २००७ मध्ये त्यांनी मिस्टर स्पॅनिशला समारंभपूर्वक उकरून बाहेर काढलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ करण्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, आणि २०२४ मध्ये ते रीतसर नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आलं. ज्यांना बोलू दिलं नाही, त्यांच्याच आठवणींवर आता ते म्युझियम उभं आहे.

माझ्या बाकावरच्या मुलीला मी ऑर्कुटच्या जमान्यात एकदा शोधलं होतं. सापडली नाही. परत आल्यावर पुन्हा शोधायला बसले आहे. सापडली तर काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, पण मराठीत लिहीन एवढं नक्की.

असो. फारच लांबलं. मार्फाला जाणार असाल तर पेट्रोल आधी भरून घ्या, फोर्ट स्टॉकटननंतर पंप शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका. कोर्टहाऊसला दहा मिनिटं पुरतात. रुळांपलीकडच्या त्या शाळेला मात्र निदान एक तास ठेवा, आणि मुलं असतील तर त्यांना बरोबर न्या.