सगळ्यात छोटा फोटो

गेल्या आठवड्यात आमच्या वागळे इस्टेटमधल्या एका गल्लीत रात्री बारा वाजता एका भाईचा वाढदिवस झाला. भाई म्हणजे वय असेल तेवीस-चोवीस. बाईकच्या सीटवर ओळीने सहा केक, भाईच्या हातात तलवार, मागे फटाके, चारही बाजूंनी मोबाईल. भाईने तलवार अशी काही फिरवली की केक कापून ती थेट सीटच्या रेक्झिनमध्ये घुसली. बाईक मित्राची होती. त्या मित्राचा चेहरा रीलमध्ये दोनच सेकंद दिसतो, पण बघण्यासारखा आहे. मी ते रील चार वेळा पाहिलं आणि चारही वेळा हसलो.

मग इथेच शेअर केलं. वर लिहिलं, ‘कवट्या महाकाळचा धाकटा भाऊ वागळेत सापडला.’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दाद दिली. कुणीतरी खाली लिहिलं, ‘टकलू हैवान परवडला, त्याला निदान बजेट तरी होतं.’ मजा आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या टपरीवर चहाला गेलो. टपरीवाले काका पण हसतील म्हणून मोबाईल त्यांच्यापुढे धरला. काका हसले नाहीत. ग्लास विसळत म्हणाले, "केक कुणाच्या पैशातून आले, ते दाखवलंय का ह्यात?"

काकांचे पाचशे. शेजारच्या भाजीवाल्या मावशींचे तीनशे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे तीनशे. वर्गणी म्हणून. पावती नाही आणि नाही म्हणायची सोय नाही. दहा रुपयांची कटिंग धरा, म्हणजे पन्नास कटिंग गेल्या. दूध, साखर, गॅस काकांचा. केक भाईचा. आणि हसणारा मी.

तेव्हापासून एक जुना वाद डोक्यात फिरतोय. वाद तसा पोरकट आहे. डोंबिवलीचा माझा भाचा अकरावीत आहे, बॅटमॅनचा भक्त. त्याचं म्हणणं, "मामा, कॉमिक्समधले छोटे व्हिलन कॉमेडीच पाहिजेत. सगळेच सीरियस झाले तर मेन व्हिलनला किंमत काय राहणार?" मी त्याला नेहमी हो म्हणत आलो. गेल्या आठवड्यापर्यंत माझंही तेच मत होतं.

माझ्या पिढीचं शिक्षणच तसं झालं. रद्दीवाल्याकडे जुनी इंद्रजाल कॉमिक्स मिळायची. टाइम्स ऑफ इंडियाने ती १९६४ साली काढली आणि १९९० साली बंद केली. वेताळाने ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटायची, कायमची. त्यातल्या कित्येक गुंडांना धड नावही नसायचं. एका चौकटीत आला, पुढच्या चौकटीत आडवा झाला. आम्हाला वेताळाची ती अंगठी हवी होती. तो गुंड जबड्यावर ती खूण घेऊन पुढे कुठे नोकरी मागायला गेला असेल, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

मग महेश कोठाऱ्यांचे सिनेमे आले. ‘थरथराट’ १९८९, ‘धडाकेबाज’ १९९०, ‘झपाटलेला’ १९९३. ही मराठीतली कॉमिक्सच, फक्त हलणारी. नावं बघा ना. टकलू हैवान, कवट्या महाकाळ, कुबड्या खवीस, तात्या विंचू. खलनायकाचं नाव ऐकून आधी हसू यायचं आणि मग भीती. चाळीत व्हीसीआर भाड्याने आणायचा, सगळी पोरं एका खोलीत कोंबायची, आणि दुसऱ्या दिवशी गॅलरीत कुबड्या खवीसच्या नकला.

पण तात्या विंचूची नक्कल करून कुणी झोपायला गेलेलं मला आठवत नाही. दिलीप प्रभावळकरांनी तो केला. दूरदर्शनवरचे चिमणराव ते हेच, आणि २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी पण हेच. तात्याचं नाव विनोदी, तो शिरतो तो बाहुलाही विनोदी, आणि तरी त्या रात्री बहिणीची बाहुली आम्ही कपाटात कोंडून ठेवली होती. मला वाटतं कारण सोपं आहे. त्या बाहुल्याला लक्ष्याच्या शरीरात शिरायचंय, आणि तसं झालं तर आपला लक्ष्या संपला, हे कोठारे एक क्षण विसरू देत नाहीत. हसू बाहुल्याचं, पण काळजी लक्ष्याची. ज्याचं नुकसान होणार तो माणूस कायम डोळ्यांसमोर आहे.

माझ्या शेअर केलेल्या रीलमध्ये हेच नव्हतं. त्यात काका नव्हते.

भाच्याला हे सांगितलं तर त्याने मलाच बॅटमॅन शिकवला. म्हणाला, मामा, काइट मॅन माहितीय का? पतंगावर बसून उडणारा चोर. १९६० साली आला आणि पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं लोक त्याला नुसते हसत राहिले. मग २०१७ साली लेखक टॉम किंगने त्याची गोष्ट लिहिली. हा साधा, घटस्फोटित बाप. जोकर त्याच्याकडून धाकाने काम करून घेतो. जोकर आणि रिडलरच्या भांडणात रिडलर त्याच्या लहान मुलाला विष घालून मारतो, पतंगाच्या दोरीतून. त्यानंतर हा माणूस पतंग पाठीला बांधून व्हिलन होतो. मिस्टर फ्रीझचंही तसंच. १९५९ साली मिस्टर झीरो नावाने आला, बर्फाची बंदूक घेतलेला एक फालतू चोर. १९९२ साली कार्टून मालिकेत पॉल डिनीने त्याला आजारी बायको दिली, आणि त्याच्यावर हसणं बंद झालं.

मी म्हटलं, मग तू सीरियसवाल्यांच्या बाजूला गेलास की काय? तर म्हणे नाही. प्रत्येक चोराला दुःखी भूतकाळ चिकटवला तर तेही खोटंच वाटतं. त्याला सगळ्यात आवडणारा कुठला, तर काँडिमेंट किंग. केचप आणि मस्टर्डच्या पिचकाऱ्या मारत चोऱ्या करणारा. १९९४ साली त्याच कार्टून मालिकेत पहिल्यांदा आला. ऐकूनच मी फुटलो. पण त्या भागात खरी गोष्ट अशी की तो चोर नसतोच. तो एक चांगला नावाजलेला विनोदी नट असतो. जोकरने त्याचं डोकं ताब्यात घेऊन, त्याची फजिती व्हावी म्हणून त्याला हा वेष चढवून रस्त्यावर सोडलेलं असतं. लोक सॉसवाल्याला हसतात आणि जोकर लांबून मजा बघतो.

इथे मला आमचा भाई आठवला. त्याला मी तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखतो. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे आमचं वागळे इस्टेट. इथे रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत; रोड नंबर १६, रोड नंबर २२. एकेकाळी या नंबरांवर कंपन्यांचे भोंगे वाजायचे आणि भोंग्यावर घरातला स्वयंपाक व्हायचा. भाईचे वडील अशाच एका कंपनीत फिटर होते. कंपनी बंद पडली, शेड गेली, काचेची बिल्डिंग आली. वडील आता दुसऱ्या एका काचेच्या बिल्डिंगच्या गेटवर रात्रपाळीला बसतात. मुलगा दहावीनंतर कुठे चिकटला नाही. भाऊंकडे चिकटला.

भाऊ कोण हे विचारू नका, तुमच्याही नाक्यावर एक आहेत. चौकात बॅनर लागतो तो नीट बघा. वर सगळ्यात मोठा चेहरा, हात जोडलेला. त्याच्या बाजूला मध्यम आकाराचे चेहरे. आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पोस्टाच्या तिकिटाएवढे फोटो, दोन ओळी. आमचा भाई खालच्या ओळीत डावीकडून तिसरा, गॉगल घालून. सगळ्यात छोटा फोटो. बेकायदा फलकांविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर आदेशही दिलेत. तरीही बॅनर लागतात. रात्री शिडीवर चढून ते बांधणारा हा खालच्या ओळीतलाच असतो. वर्गणी मागायला येणारा पण तोच.

रील व्हायरल झालं तसं तीन दिवसांनी पोलिसांनी पोरांना उचललं. हत्यार कायद्याखाली गुन्हा. बरोबरच आहे, भर रस्त्यात तलवार म्हणजे पोरखेळ नाही. मग दुसरं रील आलं. तेच तिघे, मान खाली, हात जोडलेले, पुन्हा असं करणार नाही म्हणून माफी मागतायत. तेही गावभर फिरलं. लोक पुन्हा हसले. आधीच्यापेक्षा जास्तच.

आता हिशोब बघा. भाईच्या नावावर गुन्हा आहे. वेताळाची खूण जबड्यावर उठायची, ही कागदावर उठली. पासपोर्टचं ऑफिस आमच्या वागळेतच आहे, पण उद्या याला दुबईत एखादं काम मिळालं तर पोलीस व्हेरिफिकेशनला तो काय सांगणार? भाऊ दोन्ही रीलमध्ये कुठेच नाहीत. आणि काकांच्या पाचशे रुपयांचा गुन्हा कुठेच नोंदलेला नाही, कारण तक्रारच नाही.

मी काकांना म्हटलं, तुम्ही तक्रार का नाही दिली? काका म्हणाले, "कुठल्या तोंडाने देऊ? माझी टपरीच कुठे कागदावर आहे?"

खरी मेख इथे आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण करायचं, प्रमाणपत्र द्यायचं, नगर पथविक्रेता समिती नेमायची, असं सगळं त्यात लिहिलंय. ज्याच्या हातात ते प्रमाणपत्र नाही तो स्वतःच बेकायदा. तो पोलिसांकडे गेला तर आधी त्याचीच गाडी उचलली जायची भीती. भाईची ताकद तलवारीत नाहीच. काकांकडे कागद नाही, हीच भाईची ताकद. तलवार काय, केकपुरती.

त्यामुळे भाच्याला मी उत्तर दिलं ते असं. छोटा व्हिलन विनोदी असायला माझी हरकत नाही. गॉगल घालून तलवार सीटमध्ये रुतवणाऱ्याला हसायचं नाही तर कुणाला हसायचं? नुसतं घाबरत राहिलो तर त्याचं फावतं. पण चौकट एवढी लहान नको की त्यात तो एकटाच मावेल. ज्याच्या गल्ल्यातून पैसे गेले तो माणूस दिसला पाहिजे, आणि ज्याने याला वेष चढवून रस्त्यावर सोडला तोही. हे दोघे चौकटीत असले की मग हसा पोटभर. ते नसले तर आपलं हसू भाऊंच्याच कामाचं आहे. ‘पोरं आहेत हो, मस्ती करतात’ असं भाऊ म्हणतात, आणि आपण हसून नेमकं तेच म्हणत असतो.

भाचा म्हणाला, "मामा, हे जरा जास्तच सीरियस झालं." असेल.

ती शेअर केलेली पोस्ट मी काल काढून टाकली. काकांना मोठ्या तोंडाने सांगायला गेलो. ते म्हणाले, "डिलीट केल्यावर माझे पाचशे परत येणार का?" आणि नेहमीची कटिंग पुढे केली. मी पैसे दिले. एवढंच काय ते माझ्या हातात होतं.

पुढच्या महिन्यात भाऊंचा वाढदिवस आहे. या वेळी आठशे सांगितलेत म्हणे.

ठाण्यात पथविक्रेता प्रमाणपत्रासाठी अर्ज सध्या कुठे आणि कसा करायचा, हे कुणी नुकतंच केलं असेल तर कमेंटमध्ये सविस्तर लिहा. काकांना आणि भाजीवाल्या मावशींना घेऊन जायचंय. हसण्याचा इमोजी या वेळी नको.